मननवही: अनेक धर्मांची वचनं वाचताना टिपणं कशी ठेवावीत

वेगवेगळ्या धर्मांचे ग्रंथ आलटूनपालटून वाचणाऱ्यांच्या वह्या महिन्याभरात एकसारख्या दिसायला लागतात. वर एक सुंदर वचन, खाली 'किती खरं आहे!', पुढच्या पानावर दुसऱ्या धर्मातलं तसंच वचन आणि त्याखाली 'शेवटी सगळे एकच सांगतात'. अशा वहीत वाचणाऱ्याचं आधीचंच मत पुन्हा पुन्हा उतरवलेलं असतं. हे टाळायला एक सवय पुरते. वचन काय करायला सांगतं ते तर लिहायचंच, पण त्याखाली ते का म्हणून सांगतं हेही लिहायचं. उपदेश बऱ्याच ठिकाणी सारखे निघतात, कारणं क्वचित.

धम्मपद या बौद्ध ग्रंथाची पाचवी गाथा घ्या: वैराने वैर कधी शमत नाही, अवैरानेच शमतं, हा सनातन धर्म आहे. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात 5:44 ला (पाचवा अध्याय, 44वं वचन) येशू शत्रूंवर प्रीती करायला सांगतो. घाईने वाचलं तर दोन्हीखाली 'क्षमा' असं लिहून मोकळं होता येतं. पण गाथेत आज्ञा नाहीच. तिच्या आधीच्या दोन गाथा 'मला शिवी दिली, मला मारलं' हे घोळवत बसणाऱ्या मनाबद्दल आहेत आणि पाचवी त्या मनाचा नियम सांगते. मत्तयमध्ये सरळ आज्ञा आहे आणि कारण पुढच्याच वचनात येतं: स्वर्गातल्या पित्याची लेकरं व्हावीत म्हणून, कारण तो आपला सूर्य दुष्टांवर आणि चांगल्यांवर सारखाच उगवतो. एकीकडे मनाचा स्वभाव, दुसरीकडे पित्याशी असलेलं नातं. राग धरून बसलेल्या माणसाला यातलं कोणतं कारण भिडतं, हा मननाचा खरा विषय. 'क्षमा' या एका शब्दाखाली दोन्ही झाकली की तो हातचा गेलाच.

वही कशी आखायची

साधी, मोठ्या आकाराची वही घ्या. डावं पान ग्रंथाचं, उजवं तुमचं. ही सीमा पाळली नाही तर दोन महिन्यांनी कोणतं वाक्य ग्रंथातलं आणि कोणतं आपलं हे आठवत नाही. चुकीच्या नावावर फिरणारी कितीतरी वचनं अशाच सरमिसळीतून जन्मलेली असावीत.

डाव्या पानावर आधी पत्ता: ग्रंथ, अध्याय, वचन क्रमांक, अनुवादकाचं नाव. मग उतारा हाताने उतरवा. टाइप करताना डोळा शब्दांवरून घसरतो. हाताने लिहिताना 'म्हणून', 'परंतु', 'जर' असे छोटे शब्द अडवतात, आणि कारण बहुतेक वेळा त्यांच्याच आसपास असतं. त्याखाली तीन ओळी: कोण बोलतंय, कोणाला, कोणत्या प्रसंगी. मग 'कारण' असं शीर्षक देऊन एक वाक्य. ते ग्रंथातच असलं पाहिजे. सापडलं नाही तर जागा कोरी ठेवा; आपल्या पदरचं कारण डाव्या पानावर येऊ देऊ नका.

उजव्या पानाचे नियम कडक आहेत. वाक्यं 'मी'ची हवीत. 'माणसाने', 'आपण सर्वांनी' अशी सुरुवात झाली की मनन संपलं आणि प्रवचन सुरू झालं. गेल्या आठवड्यातला एक खरा प्रसंग लिहा, ज्याला हे वचन लागू पडतं किंवा पडत नाही. आणि 'खुपतं' असं लिहून एक ओळ: या उताऱ्यातलं काय पटत नाही, कशाची भीती वाटते, काय जुनाट वाटतं. सलग पाच उताऱ्यांत काहीच खुपलं नाही तर निवड आपल्या सोयीची होते आहे असं समजा. एकूण आठ-दहा ओळींवर जाऊ नका.

उतारा किती, वेळ किती

सहा ते बारा ओळींचा उतारा आठवडाभर पुरतो. रोज 20 मिनिटं. पहिल्या दिवशी दोनदा मोठ्याने वाचून उतरवायचा. दुसऱ्या दिवशी त्याच्या आधीचं आणि नंतरचं वाचायचं, निदान एक पूर्ण प्रकरण. तिसऱ्या दिवशी दुसरा अनुवाद शेजारी ठेवून जिथे शब्द वेगळे आहेत तिथे खूण करायची. उजव्या पानाला चौथ्या दिवसाआधी हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी सुचतं ते बहुधा कुठेतरी ऐकलेलं असतं. शेवटचा एक दिवस नुसतं वाचन, लेखणी बंद.

एका परंपरेवर सलग किमान चार आठवडे राहा. सोमवारी उपनिषद, मंगळवारी कुराण, बुधवारी ताओ असं वेळापत्रक आकर्षक दिसतं, पण प्रत्येक ग्रंथाचा बोलण्याचा ढंग कानाला लागायला वेळ लागतो आणि तेवढा तो मिळत नाही.

सुरुवात कुठून करायची हेही ग्रंथागणिक बदलतं. कुराणाच्या 114 सूरा (प्रकरणं) अवतरणाच्या क्रमाने लावलेल्या नाहीत. अल-फातिहा सोडली तर ढोबळमानाने लांबीकडून आखूडपणाकडे जातात. पहिल्या पानापासून वाचणारा लगेच 286 आयतींच्या (वचनांच्या) अल-बकरामध्ये शिरतो, कथानक शोधतो आणि थकतो. तिसाव्या भागातल्या छोट्या सूरा आधी घ्या, आणि सूरा मक्की (मक्केच्या काळातली) आहे की मदनी (मदिनेच्या काळातली) ते डाव्या पानावर नोंदवा. बायबलमध्ये मत्तयचे 5 ते 7 हे अध्याय सोयीचे. धम्मपदाच्या 423 गाथा सुट्या वाटतात, पण त्या 26 वग्गांत, म्हणजे प्रकरणांत, बांधलेल्या आहेत. गाथा उचलताना तिचा वग्ग वाचा.

एक भरलेलं पान

कुराणातली 93वी सूरा, अद्-दुहा, 11 आयती. कोणाला: प्रेषित मुहम्मदांना. प्रसंग: परंपरेनुसार प्रकटीकरण काही काळ थांबलं होतं आणि विरोधक हिणवत होते. आशय: तुझ्या पालनकर्त्याने तुला सोडलेलं नाही, अनाथावर जुलूम करू नकोस, मागणाऱ्याला झिडकारू नकोस. कारण सहाव्या ते आठव्या आयतींत: तू अनाथ होतास, त्याने आसरा दिला, वाट शोधत होतास, वाट दाखवली, गरजू होतास, संपन्न केलं.

इथे दयेचं कारण आठवण हे आहे. म्हणून उजव्या पानाचा प्रश्न 'मी दयाळू आहे का?' असा होत नाही. 'मी अडलो होतो तेव्हा कोणी दार उघडलं, आणि तेव्हाचा मी आज समोर उभा राहिला तर कसा वागेन?' असा होतो. कारण नेमकं सापडलं की प्रश्न आपोआप धारदार होतो.

शब्द फसवतात

सर्वांत जास्त फसवतात ते ओळखीचे शब्द. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात 'धर्म' म्हणजे सदाचारही नाही आणि संप्रदायही नाही. गतीला साहाय्य करणारं ते एक द्रव्य आहे. 'परस्परोपग्रहो जीवानाम्' हे गाजलेलं सूत्र याच अध्यायात येतं. कोणतं द्रव्य काय कार्य करतं हे तिथे ओळीने सांगितलं आहे, आणि एकमेकांच्या उपयोगी पडणं हे जीवांचं कार्य. म्हणजे हा 'मदत करा' असा आदेश नसून जीव कसे असतात याचं वर्णन आहे. पताकेवर लिहिलेलं सूत्र वाचणाऱ्याला हे कळायला मार्ग नाही.

बायबलमधल्या 'उपदेशक' या पुस्तकात ज्या शब्दासाठी मराठीत 'व्यर्थ' येतं, तो मूळ हिब्रू शब्द 'हेवेल', म्हणजे वाफ, श्वास. व्यर्थ म्हटलं की निराशा येते, वाफ म्हटलं की क्षणिकता. दोन अनुवादांत ताण दिसला की असा शब्द पकडून शब्दकोशात पाहायचा. आठवड्याला एक शब्द पुरे.

वचन कोणाच्या तोंडी आहे हेही बघा. 'हा आपला, तो परका' असा हिशेब क्षुद्र मनाचे लोक करतात, उदारांना पृथ्वीच कुटुंब, हा श्लोक महोपनिषदात ज्ञानी पुरुषाच्या वर्णनात येतो. हितोपदेशात तोच श्लोक हरणाला खायला टपलेला कोल्हा मैत्री जुळवताना ऐकवतो. शब्द तेच, हेतू उलटा.

अर्धवट तोडलेल्या वचनांचं दुखणं वेगळंच. गीतेच्या 2:47 चा पूर्वार्ध सगळ्यांना पाठ असतो. 'काही न करण्यातही अडकू नकोस' हा शेवटचा चरण गळतो, आणि मग तोच श्लोक हातावर हात ठेवून बसायला वापरला जातो. 'जे झालं ते चांगल्यासाठीच झालं' असा गीतासार म्हणून फिरणारा मजकूर तर 700 श्लोकांत कुठेच नाही. पत्ता मिळत नसेल तर वचन वहीत घ्यायचं नाही.

तुलना

तुलनेसाठी वहीची शेवटची वीस पानं राखून ठेवा आणि दोन्ही परंपरांचे चार-चार आठवडे झाल्याशिवाय ती उघडू नका. तीन रकाने: सारखं काय, कारण कुठे वेगळं, आणि एकात आहे पण दुसऱ्यात नाही असं काय. तिसरा रकाना बहुतेकांचा रिकामा राहतो. तिथेच जास्त वेळ द्या. 'स्वतःला नको ते दुसऱ्याला करू नकोस' हे तालमूद या ज्यू ग्रंथात हिल्लेल या धर्मगुरूच्या तोंडी आहे आणि कन्फ्यूशियसच्या संवादांतही आहे. मत्तय 7:12 मात्र करायला सांगतो. 'करू नकोस' थांबल्याने पाळता येतं, 'कर' साठी उठावं लागतं. शिवाय हिल्लेलचं बोलणं तिथे संपत नाही: बाकीचं सगळं भाष्य आहे, जा आणि शीक. हा 'जा आणि शीक' तिसऱ्या रकान्यात जातो.

आपल्या परंपरेतलं सर्वोत्तम आणि दुसरीतलं सर्वांत वाईट समोरासमोर ठेवायचा मोह सगळ्यांनाच होतो. उपाय साधा: ग्रंथासमोर ग्रंथ, आचरणासमोर आचरण.

लिहिणं थांबवायचं कधी

उपनिषदातली श्रवण (ऐकणं), मनन (विचार करणं), निदिध्यासन (त्यातच स्थिर राहणं) ही पायरी आणि ख्रिस्ती मठांतली वाचन, मनन, प्रार्थना, निःशब्द ध्यान ही पायरी, दोन्हींत शेवटी विचार थांबतो. वहीच्या नादात ही शेवटची पायरी राहून जाते. लिहून झालं की पाच मिनिटं उताऱ्यातलं एकच वाक्य धरून बसा. प्रार्थनेची पायरी ज्याला आतून येत नसेल त्याने तिचं सोंग आणू नये. वाक्य शांतपणे वाचणं पुरेसं आहे. उलट कुठलीही वचनं वाचून अपराधी वाटणं दिवसेंदिवस वाढत असेल, तर खुपण्याची ओळ बंद करा, आणि तरीही ते ओसरलं नाही तर वही मिटून जवळच्या माणसाशी बोला.

टिपण इतरांना दाखवायचं असेल तर आधी त्या परंपरेत वाढलेल्या एखाद्याला डावं पान वाचायला द्या. उजवं नको. चुका डावीकडेच सापडतात.

सहा महिन्यांनी पहिल्या पानापासून वाचा आणि नवीन शेरे वेगळ्या रंगाच्या शाईने, तारखेसह लिहा. जुनं खोडू नका. तेव्हा कोरी सोडलेली 'कारण'ची जागा आता भरता येते का, ते आधी बघा.