डिस्नीलँडचा वर्षाचा पास काढायचा म्हणताय? आधी एवढं बघून घ्या

ज्यांची पोरं, बहिणी, दीर-जावा कॅलिफोर्नियात आहेत आणि मेच्या सुट्टीत तिकडं जायचं घाटतंय त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण साताऱ्यात आता अशी घरं काय कमी नाहीत आणि व्हिडिओ कॉलवर सगळीकडं तोच विषय, डिस्नीलँडचा वर्षाचा पास काढायचा का. आमची ताई आणि दाजी अर्वाइनला असतात, तिथून अॅनाहाइमचं डिस्नीलँड फार तर अर्धा तास, त्यामुळं ताईचा जीव त्या पासात अडकलाय. तिचं म्हणणं एकदाच पैसे भरायचे आणि मग वर्षभर वाटेल तेव्हा जायचं. पण वाटेल तेव्हा जाता येत नाही हीच तर गोम आहे.

तो पास म्हणजे मॅजिक की. आधीचा जुना वर्षाचा पास वेगळा होता, तो लोक खिशात ठेवून संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर नुसतं फिरायला पण जायचे. कोविडमध्ये मार्च २०२० ला पार्क बंद झालं ते एप्रिल २०२१ च्या शेवटी उघडलं, मधे जानेवारी २०२१ ला त्यांनी जुने पास गुंडाळले आणि ऑगस्टमध्ये हे नवीन आणलं, ज्यात पास असला तरी जायच्या दिवसाचं बुकिंग आधी करावं लागतं. आपल्या कासला जसं रोज तीन हजारच माणसं सोडायची म्हणून ऑनलाइन बुकिंग आलं आणि सप्टेंबरातला फुलांचा शनिवार-रविवार बघता बघता भरतो, तसलाच प्रकार, फक्त इथं पैसे वर्षभराचे आधीच देऊन बसायचं.

तर पहिलं काम म्हणजे कालनिर्णय भिंतीवरनं काढून टेबलावर घ्या. चेष्टा नाही करत, ताईच्या फ्रीजवर पण कालनिर्णयच आहे. एका पेनानं पोरांच्या शाळेचे दिवस, दाजींच्या ऑफिसचे दिवस, गणपती, दिवाळी, पाहुणे येणार ते आठवडे असं सगळं मारून टाका आणि दुसऱ्या रंगानं त्या पासाच्या बंद तारखा, म्हणजे ज्या दिवशी तो पास चालत नाही त्या, मारा, त्याचं कॅलेंडर डिस्नीलँडच्या साइटवर सगळ्यांना उघडं आहे, पास विकत न घेता बघता येतं. पास चार प्रकारचे, जितका स्वस्त तितक्या बंद तारखा जास्त. खालच्या पासावर शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांचा बराच भाग उडतो, आणि सगळ्यात महागाचा इन्स्पायर पास घेतला तरी नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा मिळत नाही. आता दोन्ही रंग मारून झाल्यावर जे चौकोन पांढरे राहिले तेवढंच तुमचं वर्ष. ताईनं केलं हे, तेव्हा तिचा आवाज जरा खाली आला, कारण दोन पोरांच्या शाळेमुळं मंगळवार-बुधवार तिच्या कामाचे नाहीत आणि शनिवार-रविवार स्वस्त पासाच्या कामाचे नाहीत.

पांढरे चौकोन मोजल्याशिवाय दुसऱ्या कामाला हात लावू नका, कारण हिशोब त्यावरच आहे. हिशोब करताना सगळे एक चलाखी करतात, म्हणजे स्वतःशीच करतात. मी २०२४ च्या ऑक्टोबरचे दर धरते, त्यानंतर पुढं सरकलेत, पण समजायला बरे. तेव्हा एका दिवसाचं एका पार्कचं तिकीट दिवसाप्रमाणं १०४ डॉलरपासून २०६ डॉलरपर्यंत होतं, आणि सगळ्यात स्वस्त इमॅजिन पास ५९९ ला. हाच पास २०२१ ला आला तेव्हा ३९९ ला होता बरं का. लोक काय करतात, ५९९ ला २०६ नं भागतात आणि म्हणतात तीन फेऱ्यांत वसूल. अहो पण २०६ वाला दिवस म्हणजे ऐन गर्दीचा, नेमका त्याच दिवशी हा पास चालत नाही! पास चालतो तो साध्या वारी, ज्या दिवशी तिकीटसुद्धा स्वस्तच असतं. म्हणून भागायचं ते १०४ किंवा त्याच्या जरा वरच्या आकड्यानं, मग कळतं की सहावी फेरी झाल्याशिवाय पैसे फिटत नाहीत. माझं तर म्हणणं प्रत्येक पांढऱ्या चौकोनात त्या दिवसाचं तिकीट लिहा, ज्या दिवशी तुम्ही खरंच जाल असं वाटतंय तेवढ्यांचीच बेरीज करा आणि पासाच्या किमतीशेजारी ठेवा. रुपयात नका गुणू, डॉलरातच राहू द्या, रुपयात गुणलं की हात थरथरतो आणि मग कुठलाच निर्णय होत नाही.

त्यातनं आणखी एक, पासात लहान-मोठं काही नाही, तीन वर्षांच्या वरचं लेकरू आणि त्याचा बाप एकाच दराचे. तिकिटात तीन ते नऊ वयाला थोडं तरी कमी पडतं. तीनच्या आतलं फुकट, त्यामुळं ज्यांचं बाळ अडीच वर्षांचं आहे त्यांनी वाढदिवसाच्या आधी जाऊन या, पासबिस नंतर.

आता पुढचं काम, आणि हे जरा डोकं शांत ठेवून वाचा. बुकिंग तीन महिन्यांपर्यंत पुढचं करता येतं पण एका वेळी हातात किती बुकिंग ठेवायची याला मर्यादा आहे, स्वस्त पासाला दोन, मधल्याला चार, वरच्या दोघांना सहा अशी ती ठरवलेली. म्हणजे ताईनं समजा नोव्हेंबरातला एक दिवस धरला, कारण डिस्नीच्याच शेजारच्या दुसऱ्या पार्कात, कॅलिफोर्निया अॅडव्हेंचरमध्ये, त्या दिवसांत नाताळासोबत दिवाळीचे पण कार्यक्रम असतात आणि तिला पोरांना ते दाखवायचंय, आणि दुसरा धाकट्याच्या वाढदिवसाचा धरला, की झालं, दोन्ही संपले. मधल्या काळात एखादा मोकळा दिवस मिळाला तरी तिला नवीन बुकिंग करता येणार नाही, आधीचं एक तरी वापरलं किंवा सोडलं पाहिजे. म्हणून तुमच्या घरातले वर्षाचे ठरलेले, हलवता न येणारे दिवस किती ते आधी लिहा, ते दोनच्या वर असतील तर स्वस्त पास तुमचा नाहीच.

आणि बुकिंग करून गेलं नाही तर? नव्वद दिवसांत तीनदा असं झालं की तीस दिवस नवीन बुकिंग बंद. आदल्या रात्री ११:५९ पर्यंत रद्द केलं तर मात्र गैरहजेरी लागत नाही. तर मोबाइलला आदल्या संध्याकाळचा अलार्म लावणे हे पण यादीत घ्या, पोरगं शिंकायला लागलं की रात्रीच ठरवायचं, सकाळी बघू म्हणायचं नाही. इकडून कोणी बुकिंग सांभाळणार असेल, आमच्याकडं ते काम माझ्यावरच येणार दिसतंय, तर लक्षात ठेवा की तिथले रात्रीचे ११:५९ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडं दुसऱ्या दिवशी दुपारचे १२:२९ आणि थंडीत १:२९, म्हणजे नेमकं जेवायला बसायच्या टायमाला.

पाहुण्यांचं गणित पूर्ण वेगळं आहे आणि इथं बऱ्याच घरांत घोळ होतो. तो ५९९ वाला इमॅजिन पास फक्त दक्षिण कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना मिळतो, पिनकोड बघतात, ओळखपत्र बघतात. ताईला चालतो, आपल्यासारख्या आठ-पंधरा दिवसांच्या माणसाला नाही. पास दुसऱ्याच्या नावावर चालत पण नाही, फोटो असतो, तेव्हा ताईचा पास मी वापरते असलं काही मनात आणू नका. हप्त्यानं पैसे भरायची सोय आहे ती पण तिथल्या रहिवाशांनाच. आपण सरळ दोन किंवा तीन दिवसांचं तिकीट काढावं, त्यात दिवसाचा दर उतरत जातो, फक्त पहिल्या दिवसापासून तेरा दिवसांच्या आत सगळे दिवस वापरावे लागतात, म्हणून मधे लास वेगास आणि ग्रँड कॅनियनची ट्रिप घातली असेल तर तारखा जुळवून बघा. आणि हो, अॅनाहाइमला तिकिटाला पण बुकिंग लागतं. फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डला २०२४ च्या जानेवारीपासून तारखेच्या साध्या तिकिटाला ते काढून टाकलंय, तर कुणाच्या सांगलीच्या आतेभावानं ओरलँडोहून येऊन सांगितलं की काय लागत नाही, नुसतं जा, तर तो खोटं बोलत नाहीये पण तो दुसऱ्या गावाचं सांगतोय.

त्यातली बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट, पासवाल्यांच्या आणि तिकीटवाल्यांच्या बुकिंगच्या जागा वेगवेगळ्या असतात. तिकीटवाल्यांना तारीख शिल्लक आहे आणि पासवाल्यांना फुल्ल, असं होतं. यावरनंच तर कोर्टकचेरी झाली होती. सुरुवातीच्या चार पासांत १,३९९ डॉलरचा ड्रीम की होता, त्याला एकही बंद तारीख नाही म्हणून विकला आणि लोकांना बुकिंग करताना तारखाच मिळेनात, तेव्हा पासवाल्यांच्या वतीनं दावा लागला आणि शेवटी कंपनीनं ९५ लाख डॉलरला तडजोड केली. तो पास पण नंतर गेला. तर बंद तारीख नसणं आणि जागा मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बाकी काही नाही लक्षात राहिलं तरी हे ठेवा. आपल्यासाठी याचा अर्थ असा की ताईकडं पास आणि आपल्याकडं तिकीट असं मिसळून जायचं असेल तर आधी ताईचं बुकिंग होऊ द्या, ते कन्फर्म झालं की मग आपली तिकिटं काढा, उलटं केलं तर आपण आत आणि ताई बाहेर.

आई-आप्पांसारखे सहा महिने राहणारे असतील तर इमॅजिनच्या वरचा पास त्यांना मिळतो, आणि दाजींना तेच वाटतंय की दोघांना काढून टाकू. मला पटत नाही. २०२४ चा ९७४ डॉलरवाला पास धरला तरी साध्या दिवसाच्या तिकिटानं तो फिटायला दहा फेऱ्या लागतात, आईच्या गुडघ्यांना दहा फेऱ्या म्हणजे विचारायलाच नको, दिवसभरात तिथं किती चालणं होतं ते जाऊन आलेल्या कुणालाही विचारा. त्यापेक्षा दोघांना एक-एक दिवसाचं तिकीट, मधल्या वारी, सकाळी लवकर आत आणि दुपारी घरी. आणखी जावंसं वाटलं तर तेव्हाचं तेव्हा.

पासात काय येत नाही हे पण लिहून ठेवा. पार्किंग २०२४ च्या शेवटाला ३५ डॉलर होतं, सगळ्यात महागाच्या पासात ते धरलेलं असतं, स्वस्तात नुसती सूट, तर सहा फेऱ्यांचं पार्किंग मिळवून बघा म्हणजे स्वस्त पास किती स्वस्त ते कळेल. लायनीत न थांबायचं लायटनिंग लेन वेगळं विकत. हॅलोविनची रात्रीची पार्टी असते तिला वेगळं तिकीट, पास दाखवून आत सोडत नाहीत. या पार्कातनं त्या पार्कात जाणं पासात चालतं, २०२४ ला ते सकाळी ११ नंतरच होतं. आत किरकोळ खाणं नेलं तर चालतं, काचेची बरणी नको, तेव्हा धपाटे आणि दही नाही पण धपाटे आणि कोरडी चटणी खुशाल घ्या, तिथल्या जेवणाचे भाव बघून मला आठवण काढाल.

पोरांची उंची इथूनच मोजून घ्या, बूट न घालता. राइडमध्ये बसायला स्पेस माउंटनला १०२ सेंटिमीटर लागते, मॅटरहॉर्नला १०७, इन्क्रेडिकोस्टरला १२२. पोरगं ११८ वर असेल आणि ताई सध्या पास काढायच्या विचारात असेल तर तिला सांगा की सहा महिने थांब, तेवढ्यात उंची पण वाढेल आणि पास तोवर विक्रीला असला तर घेता येईल. हो, असला तर, कारण पासाची विक्री ते मधेच बंद करतात आणि मग कधीतरी परत उघडतात. त्या भीतीपोटी मात्र उगाच घेऊ नका. घेतलाच तर मुदत नक्की कुठल्या तारखेपासून धरतात ते पैसे भरायच्या आधी त्याच पानावर वाचून घ्या, नाहीतर दोन महिने पुढच्या ट्रिपसाठी आत्ताच काढलेला पास घरात बसून झिजेल.

पैसे आपल्या इकडच्या कार्डावरनं भरणार असाल तर बँकेला फोन करून परदेशी व्यवहार चालू करून घ्या आणि मार्कअप किती ते विचारा, बऱ्याच कार्डांवर दोन-तीन टक्के लावतात आणि त्यावर परत जीएसटी. चार माणसांच्या तिकिटावर ही रक्कम बऱ्यापैकी होते, म्हणून आम्ही ठरवलंय की ताईनं तिकडून भरायचं आणि हिशोब नंतर बघायचा, जो अर्थात कधी होत नाही.

सध्या एवढं ठरलंय की आम्ही चौघं तीन दिवसांची तिकिटं घेणार आणि ताई पास घेणार नाही, निदान धाकटा शाळेत रुळेपर्यंत. दाजी अजून तयार नाहीत, त्यांचं कालनिर्णय काल परत आलंय, शुक्रवारचे सगळे चौकोन पांढरे करून. शुक्रवारी ऑफिसला सुट्टी टाकणार म्हणे, दर महिन्याला. ताईनं त्यावर फक्त हसायचा इमोजी पाठवलाय.