कोकणातील घरात हवेतील सूक्ष्म कण कसे मोजावेत

हवेतील पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान व्यासाचे कण, मोजणारा छोटा लेझर सेन्सर आता घरगुती वापरासाठीही मिळतो. मात्र किनाऱ्यावर तो वापरताना सर्वांत आधी आर्द्रतेचा विचार करावा लागतो. हा सेन्सर कणांचे वजन करत नाही, तर कणांवरून विखुरलेल्या प्रकाशावरून वजनाचा अंदाज बांधतो. समुद्रावरून आलेले मिठाचे कण, सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की, पाणी शोषून फुगतात आणि सेन्सर ते पाणीही धूळ म्हणून मोजतो. म्हणून आर्द्रतामापक असलेलेच उपकरण घ्यावे, प्रत्येक नोंदीशेजारी आर्द्रता लिहावी आणि पावसाळ्यातील आकड्यांवरून हवा वाईट असल्याचा निष्कर्ष काढू नये. मोजणीला सर्वांत योग्य काळ डिसेंबर ते फेब्रुवारीचा.

उपकरण श्वासाच्या उंचीवर, भिंतीपासून थोडे दूर, ऊन आणि पाण्याची वाफ लागणार नाही असे ठेवावे. लहान मूल जमिनीवर खेळत असेल, तर त्याच्या उंचीवर वेगळी नोंद घ्यावी.

माझ्या मते सुरुवात चुलीपासूनच करावी, कारण ज्या घरात आजही चुलीवर स्वयंपाक होतो किंवा आंघोळीचे पाणी तापते, तेथे सर्वाधिक धूर चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्याच छातीत जातो आणि तिच्या खोकल्याकडे फार उशिरा लक्ष दिले जाते. चूल पेटवण्यापूर्वी अर्धा तास, ती पेटलेली असताना आणि विझल्यावर आकडा मूळ पातळीवर येईपर्यंत सलग नोंद करावी. नंतर एका वेळी एकच गोष्ट बदलून हीच मोजणी पुन्हा करावी: एकदा समोरासमोरची दारे-खिडक्या उघडून, एकदा ओल्या लाकडाऐवजी नारळाची पूर्ण वाळलेली सोडणे (वरची साले) वापरून. काजूच्या बियांची टरफले मात्र प्रयोगासाठीही जाळू नयेत. त्यांच्यातील तेलाचा धूर डोळ्यांना आणि श्वासनलिकेला झोंबतो.

वाऱ्याची दिशाही लिहावी. दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात, रात्री मतलई वारे जमिनीकडून वाहतात. त्यामुळे घराच्या पूर्वेला चिरेखाण (जांभा दगडाची खाण) असेल किंवा उन्हाळ्यात भाजावळ (शेतात पालापाचोळा जाळून जमीन भाजणे) चालू असेल, तर तिचा परिणाम रात्रीच्या आणि पहाटेच्या नोंदींत शोधावा. थंडीत खोलगट वाडीवर धुराचा थर सकाळपर्यंत साचून राहतो, कारण जमिनीलगतची थंड हवा वर उठत नाही.

तुलना नेहमी २४ तासांच्या सरासरीची करावी. भारतीय मानकानुसार पीएम २.५ ची ही मर्यादा प्रति घनमीटर ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ सुचवली. घरात दम्याचा किंवा हृदयविकाराचा रुग्ण असल्यास मी १५ हाच आकडा समोर ठेवीन.

आकडा कमी आला तरी एका मर्यादेचे भान हवे. ०.१ मायक्रॉनहून लहान, म्हणजे नॅनो आकाराचे कण फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि त्यांपैकी काही रक्तातही उतरू शकतात. पण सुमारे ०.३ मायक्रॉनखालचे कण या सेन्सरला जवळजवळ दिसतच नाहीत. हे कण संख्येने अफाट असले तरी एकूण वजनात त्यांचा वाटा नगण्य असतो. त्यामुळे मिरकरवाड्यासारख्या मासेमारी बंदरात डिझेल इंजिनांजवळ आकडा बेताचा दिसला, तरी तेथे अधिक वेळ थांबणे सुरक्षित मानू नये. असे कण मोजण्यासाठी त्यांच्यावर अल्कोहोलच्या वाफेचे थेंब जमवून त्यांना मोठे करणारी यंत्रे प्रयोगशाळांत वापरतात.

खाऱ्या हवेत सेन्सरच्या पंख्यावर आणि भिंगावर मीठ बसते. म्हणून दोन सारखी उपकरणे घेणे शक्य असल्यास एक बंद डब्यात जपून ठेवावे आणि अधूनमधून दोन्ही शेजारी लावून पाहावीत. फरक वाढत गेल्यास रोजच्या वापरातील सेन्सर बदलावा.