गुणाकार चुकला की पाढ्यांवर खापर फोडू नका

चाचणीचा पेपर घरी येतो, गुणाकाराच्या दोन-तीन गणितांवर लाल फुल्या दिसतात आणि लगेच हुकूम सुटतो, "पाढे पाठ कर, उद्या म्हणून दाखवायचे." मी चौथी-पाचवीच्या मुलांना गणित शिकवते आणि त्यांच्या वह्या रोज बघते. पाढा चुकल्यामुळे गणित चुकतं, ते खरंच. पण पाढा खणखणीत पाठ आहे आणि तरी उत्तर चुकलंय, अशी गणितंही मला रोज सापडतात. अशा मुलाला पुन्हा बे एके बे पासून घोकायला बसवणं म्हणजे पोट दुखतंय आणि आपण कपाळाला बाम चोळतोय. आधी वही उघडा आणि मूल नेमकं कुठल्या पायरीवर घसरलं ते बघा.

तोंडात सत्तावीस, हातात बहात्तर

एका मुलीचं गणित होतं 39 × 3. तिचं उत्तर 162. मी तिला म्हटलं, "मोठ्यानं बोलत सोडव." ती म्हणाली, "नऊ त्रिक सत्तावीस." अगदी बरोबर. आणि पेन्सिलीनं रेघेखाली 2 लिहून 7 हातचा घेतला. मग तीन त्रिक नऊ, नऊ आणि सात सोळा. झाले 162. बरोबर उत्तर 117. पाढा चोख होता, बेरीज चोख होती. आकडे तेवढे उलटे बसले.

मराठीतून गणित करणाऱ्या मुलांत ही चूक दिसते आणि तिला कारण आहे. 'सत्तावीस' म्हणताना सात आधी कानावर पडतात, वीस मागून येतात. लिहिताना मात्र 2 आधी आणि 7 नंतर. हातचा घेताना मूल घाईत असतं, जे आधी ऐकू आलं तेच आधी लिहून टाकतं. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा राज्यभर वाद झाला होता. मंगला नारळीकर त्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. पद्धत पटो न पटो, पण ज्या अडचणीवर त्यांनी बोट ठेवलं ती खरी आहे, मी ती वहीत बघते.

यावर साधा उपाय करा. काही दिवस हातचा थेट घेऊ देऊ नका. गुणाकार आला की आधी समासात पूर्ण 27 लिहायचे, मग त्यातले सात एकक खाली आणि दोन दशक वर. शिवाय रोज पाच मिनिटं संख्या सांगून लिहून घ्या: छत्तीस, त्रेसष्ट, बेचाळीस, चोवीस, बहात्तर, सत्तावीस. 'एकोण'वाल्या संख्या तर हमखास विचारा. 'साते साते एकोणपन्नास' घडाघडा म्हणून वहीत 59 लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत, कारण त्यांना त्यातलं 'पन्नास' तेवढं ऐकू येतं. एकोण म्हणजे एक कमी, हे त्यांना कुणी फोड करून सांगितलेलंच नसतं.

हातचा आधी मिळवणं

47 × 6 चं उत्तर 482 आलं असेल तर समजा की मुलानं बेरजेची सवय इथे आणली. बेरजेत हातचा आधी मिळवला काय, नंतर मिळवला काय, फरक पडत नाही. इथे पडतो. सात सक बेचाळीस, 2 खाली, 4 हातचा. मग त्यानं 4 आणि 4 आठ केले आणि आठ सक अठ्ठेचाळीस लिहिले.

"आधी गुण, मग मिळव" असा नियम सांगून ही चूक आठवडाभर थांबते, मग परत येते. पैशांनी दाखवा, मग थांबते. सहा जणांकडे प्रत्येकी 47 रुपये आहेत, म्हणजे दहाच्या चार नोटा आणि सात सुटी नाणी. सगळ्यांची नाणी एकत्र केली, 42 झाली. त्यातल्या चाळीस नाण्यांच्या दहाच्या चार नोटा आणल्या, दोन नाणी उरली. आता नोटा मोजू. प्रत्येकाच्या चार, अशा सहा जणांच्या 24, आणि नाण्यांच्या बदल्यात आलेल्या चार. एकूण 28 नोटा, 2 नाणी, 282 रुपये. त्या नव्या चार नोटा सहाही जणांच्या मिळून आल्या आहेत. त्यांना पुन्हा सहानं कसं गुणणार? एवढं विचारलं की मूल स्वतःच म्हणतं, "हां, त्या तर सगळ्यांच्या झाल्या."

दुसऱ्या ओळीतली फुली

दोन अंकी संख्येनं गुणताना दुसऱ्या ओळीत एककाच्या घरात फुली मारायची किंवा शून्य द्यायचं, हे सगळ्या मुलांना सांगितलेलं असतं. का, हे बहुतेकांना विचारून बघा, उत्तर येतं, "बाईंनी सांगितलं म्हणून." त्यामुळे ज्या दिवशी फुली विसरली त्या दिवशी 34 × 26 चं उत्तर 204 आणि 68 मिळून 272 येतं, आणि मुलाला त्यात काही खटकत नाही.

खटकायला हवं. 34 दहा वेळा घेतले तरच 340 होतात, मग सव्वीस वेळा घेऊन 272 कसे होतील? गणित सोडवायच्या आधी हा प्रश्न विचारायची सवय लावा: उत्तर साधारण केवढं येईल? 34 तीस वेळा घेतले तर हजाराच्या जरा वर, म्हणजे सव्वीस वेळा त्याहून थोडं कमी. एवढा अंदाज असला की 272 स्वतःच चुकीचं दिसतं.

आणि फुली समजावायला चौकटीची वही घ्या. 34 चौकोन लांब आणि 26 चौकोन रुंद असा आयत आखा. लांबी 30 आणि 4 अशी तोडा, रुंदी 20 आणि 6 अशी. चार तुकडे पडतात: 600, 180, 80 आणि 24. बेरीज 884. आता उभी मांडणी शेजारी ठेवा. पहिली ओळ 204 म्हणजे सहाच्या बाजूचे दोन तुकडे, 180 आणि 24. दुसरी ओळ 680 म्हणजे वीसच्या बाजूचे दोन, 600 आणि 80. गुणकातला 2 हा दोन नसून वीस आहे, म्हणून ती ओळ 68 नसून 680 आहे. फुलीच्या जागी शून्य लिहायला लावलं तर हे जास्त स्पष्ट दिसतं. मी मुलांना फुली मारू देतच नाही.

हाच आयत मोठ्या माणसांचीही एक चूक पकडतो. तोंडी हिशोबात 14 × 13 म्हणजे दहा दाहे शंभर आणि चार त्रिक बारा, झाले 112, असं उत्तर भलेभले देतात. आयतातले दोन तुकडे, 30 आणि 40, राहूनच गेले. खरं उत्तर 182.

संख्या तोडून गुणणं ही काही नव्या अभ्यासक्रमाची टूम नाही. भास्कराचार्यांनी 1150 साली लिहिलेल्या 'लीलावती'त 135 गुणिले 12 हे उदाहरण आहे आणि ते अनेक वाटांनी सोडवलंय: बाराचे आठ आणि चार करून, तीननं आणि मग चारनं गुणून, दहापटीत दुप्पट मिळवून, वीसपटीतून आठपट वजा करून. प्रत्येक वाटेनं 1620 च येतात. एकच गणित दोन वाटांनी सोडवायला लावा, उत्तर जुळलं की पडताळा आपोआप होतो.

मधलं शून्य

306 × 4 चं उत्तर 144 आलं तर मुलानं शून्याला ओलांडून उडी मारली आहे. "शून्याला काय गुणायचं?" असं त्याला वाटतं. शून्य चोक शून्य, पण हातचे 2 त्या घरात उतरायलाच हवेत, म्हणून 1224. एकक, दशक, शतक अशी घरं आखून दिली की ही चूक लवकर जाते.

पाढे ओळीनंच येणं

आता पाढ्यांकडे. "सात आठे?" विचारलं की मूल मनातल्या मनात सात एके सात पासून चढत येतं. पाढा पाठ आहे, पण तो गाण्यासारखा, मधूनच उचलता येत नाही. रोज सगळे पाढे म्हणवून घेण्यात दम घालवू नका. 2 ते 9 च्या पाढ्यांत एके आणि दाहे सोडून उलटसुलट जोड्या एकदाच धरल्या तर फक्त 36 गुणाकार उरतात. त्यातले खरे त्रासदायक 6 ते 9 मधले दहा: सहा सक, सहा साते, सहा आठे, सहा नव्वे, साते साते, सात आठे, सात नव्वे, आठे आठे, आठ नव्वे, नऊ नव्वे. दहा चिठ्ठ्या करा, रोज उलटसुलट काढा.

पण मुलाला जोडी उलटली तरी उत्तर तेच हे पटलेलं असेल तरच 36 वर भागतं. चिंचोके घ्या, सातच्या आठ ओळी मांडा, मग मुलाला शेजारच्या बाजूला बसवा. तेच चिंचोके आता आठच्या सात ओळी दिसतात. सेमी इंग्रजीच्या मुलांना याची जास्त गरज आहे. आजी म्हणते 'तीन चोक बारा', म्हणजे तीन, चार वेळा. शाळेत म्हणतात 'थ्री फोर्स आर ट्वेल्व्ह', म्हणजे चार, तीन वेळा. उत्तर एक, चित्रं दोन. शाब्दिक उदाहरणात गट किती आणि गटात किती हे विचारलं की ही मुलं गोंधळतात, आणि आपल्याला वाटतं भाषा कच्ची आहे.

गुणलं की वाढतंच, हा समज

पाचवी-सहावीत अपूर्णांक आणि दशांश आले की हा समज आडवा येतो. 0.4 × 0.3 चं उत्तर मुलं 1.2 लिहितात, कारण 0.12 त्यांना फारच लहान वाटतं. जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊण यांचे पाढे, पाठ करून घेत. चाराची निमकी दोन म्हणणाऱ्या मुलाला गुणून संख्या लहान होते याचं नवल वाटत नसे. ते पाठांतर परत आणा असं मी म्हणत नाही, पण पाव किलोच्या भावाचे हिशोब घरी तोंडी विचारा. ऐंशी रुपये किलोचे वाटाणे, पाव किलोचे किती? 80 × ¼ हेच आहे, हे त्याला नंतर कागदावर दाखवा.

आणि चुकलेलं गणित खोडरबरानं पुसू देऊ नका. त्यावर एक आडवी रेघ मारायची आणि शेजारी नवं सोडवायचं. पुढच्या वेळी तीच चूक परत आली, तर ती आधी कुठे झाली होती हे वहीत सापडलं पाहिजे.