गाडीच्या मागच्या काचेवरची राजमुद्रा तिसऱ्यांदा सरळ बसली

शिवजयंतीच्या आधी खडेबाजारातनं कट केलेला स्टिकर आणलो आणि दोनदा वाया घालवलो की ओ. पहिल्यांदा कोरड्या काचेवर लावलो, एक कोपरा टेकला की टेकला, मग हलत नाही, वाकडाच बसला. दुसऱ्यांदा बुडबुडे.

मग शहापूरचे काका म्हणाले, "अरे पाण्यावर लाव की!" काच आधी साबणानं धुतलो, मग स्पिरिटनं पुसलो, कारण वायपरच्या पाण्यातला तेलकटपणा नुसत्या फडक्यानं जात नाही. अर्धा लिटर पाण्यात बेबी शांपूचे दोनतीन थेंब, जास्त नको, गोंद धरत नाही. काच भिजवून स्टिकर ठेवला की तो सरकतो, आधी लावून ठेवलेल्या सेलोटेपच्या खुणेवर आणायचा आणि जुन्या एटीएम कार्डाला फडकं गुंडाळून मधनं बाहेर पाणी काढायचं. अर्धा तास थांबायचं, चहा घ्या तोवर.

स्टिकरची अक्षरं धरून ठेवणारी वरची टेप सरळ ओढू नका, उलटी दुमडून हळू, अक्षर उचललं तर परत दाबून थांबायचं. स्टिकर बाहेरनंच लावा, आत डीफॉगरच्या, म्हणजे काचेवरचं धुकं घालवणाऱ्या तारा असतात, काढताना त्या निघतात. दोन दिवस गाडी धुतलो नाही.