बॅटरी पॅनल बघून नाही, रात्र बघून घ्या

‘तीन किलोवॅटचं सोलर आहे, मग बॅटरी पण मोठीच लागेल’ असं दुकानदार म्हणाला की जरा थांबा. नेट मीटरिंग (म्हणजे दिवसाची जादा वीज ग्रीडला जाते आणि बिलातून वजा होते) असेल तर बॅटरीला फक्त लाईट गेल्यावरचा वेळ निभवायचा असतो.

कागद घ्या, हिशोब मांडा. दोन साधे पंखे १५० वॅट, चार एलईडी ३६, वायफाय १०, म्हणजे जवळपास २०० वॅट. पाच तासांना एक युनिट. १२ व्होल्ट, १५० एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची साठवण) बॅटरीवर १.८ युनिट दिसतात खरे, पण लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवली की लवकर बसते, वर इन्व्हर्टरही थोडं खातो. हाती पाऊण युनिट, फार तर चार तास. लिथियममधून ८० टक्क्यांपर्यंत काढता येतं.

आणि कूलर? लातूर-परभणीकडं मे महिन्यात त्याशिवाय झोप कुठली! त्याचे १५०-२०० वॅट धरले की सगळा हिशोब दुप्पट. आधी पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) करा, एकेका पंख्याचं तीसेक वॅटवर भागतं. बॅटरी मात्र पत्र्याखाली ठेवू नका, उन्हाळ्यात आयुष्य झपाट्यानं घटतं.