नागपूरच्या उन्हाळ्यात हॉटेलचे फ्रिज-फ्रीझर: बसवताना आणि सांभाळताना या चुका टाळा

एप्रिल लागला की नागपुरातल्या हॉटेलवाल्यांची एकच तक्रार सुरू होते. "भाऊ, फ्रीझर चालू आहे, आवाज येतो आहे, पण कूलिंगच नाही." निदानही ठरलेलं असतं: गॅस संपला. मेकॅनिक येतो, गॅस भरतो, पैसे घेऊन जातो. आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि पुन्हा तीच बोंब. इतवारीतला मिठाईवाला असो, सावजी भोजनालय असो की वर्धा रोडवरचा ढाबा, गोष्ट फारशी बदलत नाही. माझं स्पष्ट मत आहे की अशा बहुतेक मशिनांचा गॅस जागच्या जागी असतो. कोंडलेली असते ती मशीनभोवतीची हवा.

फ्रिज आतल्या मालातली उष्णता उचलतो आणि कंडेन्सरच्या जाळीतून बाहेर टाकतो, एवढंच त्याचं काम. ती बाहेर जायला कंडेन्सर भोवतालच्या हवेपेक्षा साधारण दहा-पंधरा अंश जास्त गरम असावा लागतो. मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि भट्टी पेटलेल्या किचनमध्ये त्याहून जास्त, म्हणजे कंडेन्सर सहज साठीच्या पुढे जातो. अनेक फ्रीझरमध्ये असलेल्या आर-४०४ए गॅसचं क्रिटिकल तापमान ७२ अंश आहे. त्याच्यापुढे हा गॅस कितीही दाबला तरी त्याचं द्रव होत नाही, आणि त्या टोकाच्या जवळ जातानाच त्याची उष्णता वाहायची ताकद घसरू लागते. पुण्यात किंवा नाशकात निभावून जाणारी ढिलाई नागपुरात कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारी मोटर) घेऊन बुडते ती यामुळे.

विकत घेताना प्लेट न वाचणं

मशीनच्या मागे किंवा दाराच्या आतल्या बाजूला एक माहितीची प्लेट असते. लिटर आणि दारं सगळे विचारतात, प्लेट कोणी वाचत नाही. बऱ्याच मशिनांवर क्लायमेट क्लास छापलेला असतो. 'एन' म्हणजे भोवतालचं तापमान ३२ अंशांपर्यंत, 'एसटी' म्हणजे ३८ आणि 'टी' म्हणजे ४३. नागपूरसाठी 'टी'च्या खालचं मशीन घेऊच नये. आणि 'टी' घेतलं तरी ४३ ही खोलीची मर्यादा आहे हे ध्यानात ठेवा. तुमचं किचन दुपारी ती ओलांडत असेल तर खोली थंड ठेवणं हाही फ्रिजच्या खर्चाचाच भाग समजा.

गॅसचाही विचार करा. भाजी, दूध, दही, पनीर यांच्यासाठी नुसता चिलर हवा असेल तर आर-१३४ए किंवा आर-२९० वरचं मशीन इथल्या उन्हाला जास्त सोसतं, कारण त्यांची क्रिटिकल तापमानं खूप वर आहेत. आर-२९० म्हणजे प्रोपेन, ज्वलनशील. वीज कमी खातो, चांगला गॅस आहे, पण त्याची दुरुस्ती त्याचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडूनच करून घ्यायची. पेटत्या शेगडीशेजारी कोणी त्याची पाइप टॉर्चने जोडायला बसला तर त्याला तिथेच थांबवा.

जागा: सगळ्यात महागात पडणारी चूक

किचन आखताना आधी भट्टी, मग तंदूर, मग भांडी घासायची जागा ठरते आणि उरलेल्या कोपऱ्यात फ्रिज ढकलला जातो. इथूनच पुढचा सगळा खर्च सुरू होतो.

मागे आणि बाजूंना किमान सहा इंच मोकळे सोडा, कंपनीच्या पुस्तिकेत जास्त सांगितलं असेल तर तेवढे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गरम हवा शेवटी जाते कुठे ते पाहा. दोन डीप फ्रीझर असे ठेवलेले असतात की एकाच्या जाळीतून निघालेली गरम हवा दुसऱ्याच्या जाळीत शिरते. दुसरं मशीन कायम आजारी असतं आणि दोष मात्र कंपनीला जातो. काही ठिकाणी फ्रिज जागेवर नीट असतो, पण त्याच्या मागच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्याची भट्टी असते. दुपारी त्या भिंतीला हात लावून पाहा, लगेच कळेल.

स्टोअररूममध्ये चार फ्रीझर एकत्र ठेवून दार बंद करून घेणं ही आणखी एक घातक सवय. कॉम्प्रेसर जेवढी वीज खातो ती सगळी, आणि वर मालातून काढलेली उष्णता, असं सगळं त्याच खोलीत साचतं. एक्झॉस्ट फॅन आणि खालून हवा यायला जाळी नसेल तर संध्याकाळपर्यंत त्या खोलीची भट्टीच होते. पत्र्याच्या छताखाली वर कंडेन्सर असलेलं उभं मशीन ठेवू नका, कारण खोलीतली सगळ्यात गरम हवा तिथेच असते. खाली कंडेन्सर असलेल्या मशीनची अडचण उलटी आहे. ते जमिनीवरचं पीठ, धूळ, कांद्याची सालं ओढून घेतं, म्हणून साफसफाई जास्त करावी लागते. पत्र्याखाली मी तरी खालच्या कंडेन्सरचंच मशीन निवडेन. साफसफाई आपल्या हातात असते, पत्रा नसतो.

आता कूलरबद्दल, कारण नागपुरात त्याशिवाय उन्हाळा निघत नाही. पुष्कळ जण डेझर्ट कूलरचं तोंड थेट फ्रिजकडे करतात. थंड हवा कंडेन्सरपर्यंत गेली तर फायदा होतो, हे खरं. पण कूलर दारासमोर असेल तर दार उघडलं की दमट हवा आत जाते आणि बर्फ होऊन आतल्या कॉइलवर (थंड गॅस फिरणाऱ्या नळीवर) बसते. पाण्याचे तुषार जाळीवर उडत असतील तर बोअरच्या जड पाण्यातले क्षार जाळीच्या पत्त्यांवर (पातळ धातूच्या पट्ट्यांवर) पांढरे साचतात आणि अॅल्युमिनियम खातात. कूलर लावायचाच तर खोलीच्या खिडकीत लावा, समोर एक्झॉस्ट ठेवा आणि हवेचा झोत फ्रिजच्या दारावर पडणार नाही एवढं पाहा.

मशीन आणताना आडवं घातलं असेल तर उभं करून एक दिवस तसंच ठेवा, मगच चालू करा. कॉम्प्रेसरमधलं तेल पाइपांत गेलेलं असतं, त्याला परत उतरायला वेळ लागतो.

जाळी साफ न करणं

तर्री-पोह्याच्या ठेल्यापासून मोठ्या रेस्टॉरंटपर्यंत, जिथे सकाळपासून तेल तापतं तिथे हवेत तेलाचा अंश असतोच. तो कंडेन्सरच्या पत्त्यांवर चिकटतो, त्यावर धूळ बसते, आणि महिन्याभरात जाळीवर गोधडी पांघरल्यासारखा थर तयार होतो. मग नुसतं फुंकून काही होत नाही.

मेन स्विच बंद करा. पत्त्यांच्या उभ्या रेषेत मऊ ब्रश फिरवा, आडवा फिरवला तर पत्ते वाकतात. धूळ ब्लोअरने आतून बाहेरच्या दिशेला काढा. तेलाचा थर असेल तर कॉइल क्लीनर मारून ओल्या फडक्याने पुसा. प्रेशरने पाणी मारू नका, पत्ते झोपतात आणि फॅनच्या मोटरमध्ये पाणी जातं. तळणाचं काम असलेल्या किचनमध्ये मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी आणि एरवी महिन्यातून एकदा हे झालंच पाहिजे. अर्ध्या तासाचं काम आहे. कॉम्प्रेसरची किंमत आठवली की ते जड वाटत नाही.

"गॅस भरून टाका"

फ्रिजचा गॅस गाडीच्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद पाइपांत फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता वरून गॅस भरणं म्हणजे निव्वळ पैसे वाया. नीट दुरुस्ती अशी होते: नायट्रोजनच्या दाबाने गळती शोधायची, ती जागा जोडायची, ओल शोषणारा ड्रायर फिल्टर बदलायचा, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढायची, आणि शेवटी प्लेटवर लिहिलेल्या वजनाएवढाच गॅस काट्यावर मोजून भरायचा. आर-४०४ए हा तीन वायूंचं मिश्रण आहे, म्हणून तो सिलिंडरमधून द्रवरूपातच घ्यावा लागतो, नाहीतर प्रमाण बिघडतं.

मेकॅनिककडे वजनकाटा आणि व्हॅक्यूम पंप आहे का, हे काम सुरू होण्याआधी विचारा. "अंदाज आहे आपल्याला" असं उत्तर आलं तर दुसरा माणूस शोधा. अंदाजाने जास्त भरलेला गॅस हिवाळ्यात खपून जातो आणि मे महिन्यात दाब वाढवून कॉम्प्रेसर निकामी करतो.

लाईन, स्टॅबिलायझर आणि अर्थिंग

व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट ओढते आणि गरम होते. उन्हाळ्यात संध्याकाळी गल्लीतले सगळे कूलर-एसी एकदम चालू झाले की हेच होतं. स्टॅबिलायझर घेताना चालू लोड पाहून घेऊ नका. कॉम्प्रेसर सुरू होतानाचा करंट चालू करंटच्या पाच-सहा पट असू शकतो, तो झेपेल असा घ्या. त्यात तीन ते पाच मिनिटांचा टाइम डिले हवाच. लाईन जाऊन लगेच आली तर पाइपांतला दाब अजून सारखा झालेला नसतो, आणि त्या दाबावर सुरू व्हायच्या धडपडीत रिले (मोटर सुरू करून देणारा स्विच) किंवा मोटर जाते. एक्सटेन्शन बोर्डवर फ्रीझर चालवू नका, स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट द्या.

अर्थिंगकडे कोणाचंच लक्ष नसतं. विदर्भातली काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या पोराला स्टीलच्या दाराचा शॉक बसतो तो अशाच वेळी. खड्ड्यात नियमित पाणी घाला, आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) बसवा, आणि तो वारंवार पडत असेल तर काढून टाकण्याऐवजी कॉइलवरचा बर्फ वितळवणारा डीफ्रॉस्ट हीटर तपासून घ्या. बऱ्याचदा करंटची गळती तिथे सापडते.

आत माल ठेवताना

रश्श्याचा भरलेला गंज (मोठं पातेलं) भट्टीवरून उतरवून तसाच फ्रिजमध्ये. हे रात्री अकरा वाजता रोज कुठेतरी होतं, कारण दिवसभर राबलेल्या माणसाला घरी जायचं असतं. पण तो गंज आतल्या दूध-पनीरलाही तापवतो आणि स्वतः मध्यभागी तासन् तास कोमट राहतो. ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात जिवाणू भराभर वाढतात, आणि खोल भांड्यातली ग्रेव्ही त्याच पट्ट्यात रात्र काढते. उथळ ट्रेमध्ये दोन-तीन इंचांचा थर करा, ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळा, वाफ गेली की झाकून आत ठेवा. हे मी फार कळकळीने सांगतो आहे. त्या ग्रेव्हीने आजारी पडणारा माणूस तुमच्याकडे विश्वासाने जेवायला आलेला असतो.

आतल्या फॅनसमोर खोकी रचू नका. जाळीच्या कप्प्यांवर वर्तमानपत्र अंथरू नका, हवा वरून खाली फिरलीच पाहिजे. सांबार (कोथिंबीर), पालक उघडे ठेवले तर फॅनच्या हवेने सुकतात आणि त्यांची ओल कॉइलवर बर्फ होऊन बसते, म्हणून झाकूनच ठेवा. कूलिंग कमी वाटलं की थर्मोस्टॅट शेवटच्या आकड्यावर फिरवायचीही सवय असते. त्याने मशीन लवकर थंड होत नाही, फक्त थांबायचं विसरतं. मग कॉइल बर्फाने बुजते आणि कूलिंग आणखी कमी होतं.

तो बर्फ चाकूने किंवा उलथण्याने खरवडू नका. एक भोक पडलं की सगळा गॅस गेला. मशीन बंद करा, माल दुसरीकडे हलवा, दार उघडं ठेवून वितळू द्या. बर्फ पुन्हा पुन्हा येत असेल तर दाराचं रबर पाहा. दारात नोट धरून दार लावा आणि ओढा, सहज निघाली तर त्या जागी रबर सैल आहे. रबर साबणाच्या कोमट पाण्याने पुसा, तेल लावू नका.

फोन करण्याआधी, आणि लाईन गेल्यावर

दारावरचा डिस्प्ले हवेचं तापमान दाखवतो, मालाचं नाही. पाण्याच्या बाटलीत थर्मामीटर ठेवून ती मधल्या कप्प्यात ठेवा. सकाळी दुकान उघडताना आणि दुपारी चारला आकडा वहीत लिहा. चिलर ५ अंशांच्या आत, फ्रीझर उणे १८. सकाळी आकडा बरोबर आणि दुपारीच चढत असेल तर जागा, जाळी आणि दार तपासा. सकाळीही चढलेलाच असेल तर मेकॅनिकला बोलवा आणि ती वही त्याच्यापुढे ठेवा.

लाईन गेली तर दार उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास माल सांभाळतो, तापलेल्या किचनमध्ये त्याहून कमी. लाईन आल्यावर आधी थर्मामीटर पाहा. चिलरमधलं दूध, मटण, शिजवलेलं अन्न ५ अंशांच्या वर दोन तासांपेक्षा जास्त राहिलं असेल तर टाकून द्या. फ्रीझरमधलं चिकन पूर्ण वितळून कोमट झालं असेल तर तेही टाका, पुन्हा गोठवू नका. आत बर्फाचे खडे शिल्लक असतील आणि हाताला गार लागत असेल तर त्याच दिवशी शिजवून संपवा.