नाचणीचे लाडू विकायला बसताय? मग आधी या चुका टाळा

गोव्यात फोंडा, डिचोली, साखळी, कुठेही बघा, कॉलेजच्या फेस्टला नाहीतर चवथीच्या बाजारात हेल्दी खाण्याचा स्टॉल टाकणारी पोरं आता बरीच दिसतात आणि बहुतेकांच्या टेबलावर नाचणीचे लाडू असतातच. चांगलंच आहे. धंदा शिकायला खाण्याच्या वस्तूएवढी चांगली दुसरी वस्तू नाही, कारण सकाळी केलेली चूक संध्याकाळपर्यंत समोर येते. फक्त एक आहे, पोरांचे लाडू सहसा फसत नाहीत, फसतो तो हिशोब.

सगळ्यात मोठा घोळ भावाचा. समजा एक लाडू तुम्हाला 10 रुपयांना पडतो, तुम्ही 30 टक्के चढवून 13 रुपये किंमत छापली आणि खूश झालात. मग म्हापशाचा दुकानदार म्हणतो, ठेवतो माल, पण छापील किमतीवर 20 टक्के माझे. गेले 2 रुपये 60 पैसे, तुमच्या हातात 10.40, म्हणजे लाडवामागे 40 पैसे, त्यातच पेट्रोल. आणि शंभर लाडवांतले दहा न खपता परत आले तर? 90 लाडवांचे 936 रुपये मिळाले, खर्च झाला 1000, म्हणजे घरात मेहनत करून वर 64 रुपये दुकानदाराच्या गिऱ्हाइकाला दान. म्हणून उलटं मोजायचं, गिऱ्हाईक किती देईल तिथून सुरुवात. 20 रुपये देत असेल तर दुकानाचे 4 गेले, 16 उरले, दहातला एक परत येणार धरला तर केलेल्या लाडवामागे 14.40, आणि खर्च 10. आता कुठे धंदा म्हणायचा.

आणि ते 10 रुपये तरी खरे आहेत का बघा! नाचणी, गूळ, तूप, काजू सगळे लिहितात, पण सिलिंडर, डबा, लेबल, फुटलेले लाडू, चाखायला दिलेले लाडू कोणी लिहीत नाही आणि आईची मजुरी तर नाहीच नाही. आई फुकट वळून देते म्हणून स्वस्त पडतं, मग शंभराची ऑर्डर पाचशेवर गेली की वळणारी बाई पैसे देऊन आणावी लागते आणि भाव तर तुम्ही आधीच सांगून बसलेले. पहिल्या दिवसापासून आईची मजुरी वहीत धरा, तिला द्या किंवा नका देऊ, तो तुमच्या घरचा प्रश्न.

दुसरी चूक लेबलवर. गूळ घातलाय म्हणून बिनधास्त ‘शुगर फ्री’ छापतात. अरे बाबा, गुळात बहुतेक साखरच असते, आणि एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमाप्रमाणे 100 ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर असेल तर शुगर फ्री म्हणताच येत नाही. मधुमेहवाला माणूस विश्वासाने चार लाडू खाईल ना! सरळ ‘गुळाचे’ लिहा. नाचणीत कॅल्शियम भरपूर असतं, 100 ग्रॅमला 300 मिलिग्रॅमच्या वर, ते खरं आहे, पण म्हणून ‘हाडं मजबूत करणारा लाडू’ वगैरे औषधासारखे दावे नकोत. काजू, शेंगदाणे, दूध असेल तर ते ठळक लिहा, कारण ॲलर्जीवाल्याला तेवढंच वाचायचं असतं. आणि तळलेला चिवडा ज्वारीचा केला म्हणून हेल्दी होत नाही. शाळेच्या गेटपासून 50 मीटरच्या आत जास्त तेल, साखर, मिठाचं खाणं विकायचं नाही असं एफएसएसएआयच्या 2020 च्या नियमांत आहे, तेव्हा शाळेजवळ बसायचा विचार असेल तर पदार्थ खरंच हेल्दी हवा.

‘माल मऊ पडतो, वास येतो’ ही तक्रार तर जून ते सप्टेंबर ठरलेली. आपल्याकडच्या पावसात हवाच ओली, त्यात घाईत गरम लाडू डब्यात भरून झाकण लावलं की आत पाणी सुटतं आणि बुरशी आलीच. पूर्ण गार करून भरा. ओला नारळ घातलात तर तो पदार्थ त्या दिवसाचाच समजा, टिकवायचं असेल तर सुकं खोबरं भाजून घ्या. खवट वास आला तर आधी शेंगदाणे, काजू जुने आहेत का बघा, दोष बहुतेक तिथेच सापडतो. मोड आलेल्या कडधान्यांची उसळ, भेळ असेल तर उन्हात टेबलावर ठेवून चालणार नाही, 5 ते 60 अंशांमध्ये जंतू भराभर वाढतात, त्यामुळे बर्फाचा डबा नाहीतर थोडा थोडाच माल. ‘15 दिवस टिकेल’ असं अंदाजाने लिहू नका, प्रत्येक घाण्यातले चार-पाच डबे घरी ठेवा, दर दोन दिवसांनी एक उघडा, जिथे चव बदलते त्याच्या बऱ्याच आधीची तारीख छापा.

छोट्या धंद्याला एफएसएसएआयचं साधं रजिस्ट्रेशन लागतं, ऑनलाइन होतं, 14 आकडी नंबर मिळतो तो डब्यावर टाका. वर्तमानपत्रात बांधून देणं बंद, शाई खाण्याला लागते.

मामी, काकू आणि बिल्डिंगवाल्यांनी घेतलं म्हणजे मागणी आहे असं नसतं, ते तुमच्यासाठी घेतात. अनोळखी माणूस दुसऱ्यांदा आला की ते खरं. जत्रेत लोक खाजं घ्यायला येतात, तिथे नाचणीचा लाडू खपला नाही म्हणून लाडवाला नावं ठेवू नका, तोच लाडू जिमच्या बाहेर किंवा पणजीच्या ऑफिसांत सकाळी अकराला ठेवून बघा.

पैसे घरच्याच गुगल पेवर घेतले की महिन्याअखेर धंद्याचे कुठले आणि पॉकेटमनीचे कुठले काही कळत नाही, वेगळं खातं उघडा, दोघं-तिघं मित्र असाल तर पहिल्याच दिवशी.

राहिलं वेळेचं. पाव विकणारा पोदेर रोज त्याच वेळी भोंपू वाजवत येतो म्हणून लोक पिशवी घेऊन थांबतात. तुम्ही मूड आला की बनवता, परीक्षा आली की गायब. मार्च-एप्रिलमध्ये माल मिळणार नाही हे दुकानदाराला फेब्रुवारीतच सांगा, नाहीतर काउंटरवरच्या तुमच्या जागेत दुसऱ्याची बरणी बसते आणि जूनमध्ये तो ती काही हलवत नाही.